नदीकाठचं सुतक

ज्या वर्षी नातीने, सान्वीने, लीड्सच्या मुलाशी लग्न केलं आणि तिच्या रिसेप्शनला मोहनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत नाच केला, त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार चोवीस साली, मोहनराव खटावकर ऐंशीचे झाले.

वाढदिवस जूनच्या शेवटी. पण त्यांचा मुलगा राजीव एप्रिलमध्येच मेडनहेडहून कॉव्हेंट्रीला आला. बरोबर सून सुनीती आणि सान्वीचा धाकटा भाऊ जय. चहा व्हायच्या आधीच राजीवने टॅबलेट पुढे केला. त्यावर रुंद नदी, काठच्या झाडीत तंबू आणि पाण्यात दगडांसारखी दिसणारी पाणघोड्यांची काळी पाठाडं.

“बाबा, तुमचं एटीएथ इथे करायचा. झांबिया. सफारी कॅम्प.”

“झांबियात आपलं कोण आहे?”

“हत्ती आहेत, आजोबा,” जय म्हणाला.

मोहनराव हसले, पण लगेच हो म्हणाले नाहीत. बर्मिंगहॅमला त्यांचा मोठा भाऊ मुरलीधर लेकीकडे, अनुयाकडे राहायचा. शहाऐंशी वर्षांचा. छाती कामातून गेलेली. हिवाळ्यात दोनदा इस्पितळाची वारी झालेली.

हा भाऊ नुसता भाऊ नव्हता. साठीच्या दशकात तो आधी आला, मग त्याने मोहनला बोलावून घेतलं. कॉव्हेंट्रीच्या एका घरात वरच्या खोलीत दोघांत मिळून एकच पलंग. मुरलीधर रात्रपाळीला, मोहन दिवसपाळीला. एक उठला की दुसरा त्याच गोधडीत शिरायचा. गोधडी कधी गार पडायचीच नाही. पहिल्या हिवाळ्यात मोहनला ताप भरला तेव्हा मुरलीधर रात्रभर कारखान्यात राबून यायचा आणि दिवसभर जमिनीवर, भावाच्या उशाशी बसून राहायचा. झोपायचा कधी, कुणास ठाऊक. तेव्हापासून दोघांत एक बोली होती. ज्याची वेळ आधी येईल, त्याच्या उशाशी दुसऱ्याने बसायचं. कागदावर नाही, देवापुढेही नाही. पण बोली ती बोली.

“येतो मी,” मोहनराव शेवटी म्हणाले. “पण दादाला काही झालं, साधं इस्पितळात नेलं, तरी मला त्याच घडीला सांगायचं. मग मी विमानात असो नाहीतर वाघाच्या तोंडात.”

“आफ्रिकेत टायगर नसतो, आजोबा.”

“मग सिंहाच्या. सांगायचं.”

“प्रॉमिस, बाबा,” राजीव म्हणाला.

जूनमधल्या शनिवारी चौघं हिथ्रोला पोचले. मोहनरावांचा बटणांचा फोन तिकडे चालणार नाही म्हणून राजीवने तो घरीच ठेवायला लावला होता. विमानाला वेळ होता. अत्तरांच्या दुकानापाशी राजीवचा फोन वाजला. तो लांब जाऊन बोलला, मग सुनीतीला बाजूला घेऊन बोलला. सुनीतीने दोनदा मान जोरात हलवली. नाही, नाही.

“कुणाचा रे फोन?” तो परत आल्यावर मोहनरावांनी विचारलं.

“ऑफिसचा.”

नवराबायकोचं काहीतरी बिनसलं असेल, असं समजून त्यांनी पुढे विचारलं नाही.

कॅम्प खरंच देखणा होता, ते नाकारता येत नाही. मोठ्या विमानातून लहान विमानात, लहान विमानातून उघड्या गाडीत, आणि मग एकदम ती नदी. पलीकडे वाळूचे पट्टे, त्यावर ओंडक्यांसारख्या पडलेल्या मगरी. लाकडी फळ्यांच्या ओट्यावर उभारलेले तंबू, तंबूत पलंग आणि मागे उघड्या आभाळाखालची मोरी. जून म्हणजे तिकडचा हिवाळा. पहाटे गाडीत पांघरूण आणि गरम पाण्याची पिशवी मांडीवर देत. अंधार पडला की तंबूतून एकट्याने बाहेर पडायचं नाही, बंदूकवाला न्यायला येईल, असा नियम. नदीत उतरायचं नाही, हा त्याहून मोठा नियम. तो म्वान्झा नावाच्या गाइडने पहिल्याच दिवशी बोट उगारून सांगितला.

मोहनराव लहान पोरासारखे रमले. रात्री पाणघोडे पाण्यातून वर येऊन तंबूशेजारी चरत आणि घुरघुरत, तेव्हा ते पडल्या पडल्या हसत. “हुबेहूब दादा घोरतोय,” ते सकाळी सुनीतीला म्हणाले. हत्तिणीने पिल्लाला सोंडेने ढोसून नदी पार करायला लावली, ते त्यांनी दादासाठी मनात साठवून ठेवलं. माकडाने जयचा टोस्ट पळवला, तेही. परत बर्मिंगहॅमला गेल्यावर दादाला हसवायचं, मग त्याला खोकला येणार, मग अनुया दोघांना ओरडणार, हे सगळं त्यांना आधीच दिसत होतं.

रोज सकाळी आंघोळ करून ते बरोबर आणलेला पितळी बाळकृष्ण ताटलीत ठेवायचे, पाणी घालायचे, एखादं रानफूल वाहायचे. सुनीती येऊन हात पुढे करायची, तीर्थ घ्यायची. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असली तरी पुण्याची बाई ती, याबाबतीत चोख.

आणि रोज संध्याकाळी ते म्हणायचे, “दादाला फोन लाव रे.”

वायफाय फक्त जेवणाच्या छपराखाली. राजीव फोन वर धरायचा, खाली धरायचा. “कॉल लागत नाही, बाबा. अनुयाचा मेसेज आलाय. ही इज ओके. झोपलाय.”

“रोज झोपलेलाच कसा असतो?”

“एज आहे ना, बाबा.”

गुरुवारी संध्याकाळी त्यांना बिबट्या दिसला. झाडावर पाय लोंबकळत टाकून निवांत पडलेला. परत आल्यावर त्यांना कधी एकदा ते सांगू असं झालं, पण राजीव फोन घेऊन छपरामागे गेलेला आणि सुनीतीने जेवणच घेतलं नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

शुक्रवारी वाढदिवस. मोहनराव पहाटेच जागे झाले. फिरायला जायचं नाही, आज सगळे इथेच, असं ठरलं होतं. ओट्यावर येऊन पाहतात तर शेजारच्या तंबूच्या दोरीवर सुनीतीचे कपडे वाळत घातलेले. जीन्स, शर्ट, जाड लोकरी जॅकेटसुद्धा. सगळं गच्च ओलं. एवढ्या थंडीत, रात्रीचं, या बाईने जॅकेटसकट काय धुतलं? त्यांना नवल वाटलं. तेवढंच.

त्यांनी आंघोळ केली, नवा सदरा घातला, ताटली मांडली. सुनीती चहा घेऊन आली आणि ताटली पाहून दोन पावलं मागे सरली.

“बाबा, आज देव राहू द्या ना.”

“का? आज तर वाढदिवस.”

“इथलं पाणी चांगलं नाही.”

“कालपर्यंत चांगलं होतं.”

“माकडं येतात, बाबा. उगीच कशाला.”

“बरं. औक्षण कधी करतेस? तू डबा आणलायस मला माहीत आहे. निघताना सुपारी शोधायला तूच मला माळ्यावर चढवलंस.”

सुनीतीने खरंच स्टीलच्या डब्यात सगळं आणलं होतं. निरांजन, तुपात भिजवलेल्या वाती, सुपारी, अंगठी, अक्षता. आता ती नदीकडे बघत म्हणाली, “इथे आग लावायला परवानगी नाही बहुतेक. तंबू आहेत ना.”

म्वान्झा खालून चालला होता. मोहनरावांनी त्याला मोडक्या इंग्रजीत विचारलं, “छोटा दिवा लावला तर चालेल का?” त्याने हसून सांगितलं, “ओट्यावर खुशाल लावा, काडेपेटी मी देतो. हॅपी बर्थडे, सर!”

 काडेपेटी सुनीतीने घेतलीच नाही. म्वान्झाने ती कठड्यावर ठेवली आणि तो गेला.

मोहनराव तिच्याकडे बघत राहिले. बाई देवाला शिवत नाही, त्याची कारणं दोन. पहिलं सुनीतीच्या बाबतीत केव्हाच संपलं होतं. उरलं दुसरं. बरं, तिच्या माहेरचं कुणी गेलं असतं तर ती स्वतः लांब राहिली असती, त्यांना पूजा नको म्हणाली नसती. औक्षण नको, देव नको, रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ. म्हणजे सुतक खटावकरांचं होतं. त्यांचं स्वतःचं. आणि खटावकरांत आता त्यांच्याखेरीज म्हातारं माणूस राहिलं होतं एकच.

“सुनीती,” ते म्हणाले, “कोण गेलं?”

तिने चहाचा कप कठड्यावर ठेवला.

“दादा?”

ती ओट्याच्या पायरीवर बसली. “काल दुपारी. मी म्हटलं होतं यांना, सांगा म्हणून, बाबा, शपथ. निदान देवाच्या बाबतीत तरी मला गप्प बसवेना. तुमच्या हातून सुतकात पूजा झाली असती तर—”

“माझ्या हातून पूजा झाली असती म्हणून तुला वाईट वाटलं?”

ती रडायला लागली. मोहनराव रडले नाहीत. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि त्या आगीपुढे डोळ्यांतल्या पाण्याचं काही चालेना.

“राजीवला बोलाव.”

राजीव आला. मागोमाग जय आला, आईला रडताना बघून तिथेच थबकला.

“अचानक गेला?” मोहनरावांनी विचारलं.

राजीवने सुनीतीकडे पाहिलं.

“तुला विचारतोय. अचानक गेला की आजारी होता?”

“चेस्ट इन्फेक्शन होता. हॉस्पिटलला नेला.”

“कधी?”

उत्तर सुनीतीने दिलं. “शनिवारी.”

“शनिवारी आपण हिथ्रोवर होतो,” मोहनराव सावकाश म्हणाले. “ऑफिसचा फोन.”

“बाबा, प्लीज लिसन. डॉक्टर म्हणत होता, अँटिबायोटिक चालू आहे, ही विल बी फाइन. मागच्या वेळी पण तसाच झाला होता. मला वाटला, इतकं सगळं बुक झालं, तुमचं एटीएथ आहे, तुमचं बीपी आहे—”

“तुला काय वाटलं ते विचारलं का मी? तुला काय सांगून ठेवलं होतं?”

“आय नो. पण तुमचं बीपी—”

“बीपी घाल त्या नदीत! तिथून बर्मिंगहॅम किती लांब होतं रे? गाडी वळवायची होती. मला टॅक्सीत बसवून तुम्ही यायचं होतंत हत्ती बघायला, मी कुणाच्या पायांत पडलो असतो का? पाच दिवस तो जिवंत होता आणि मी इथे बसून माकडाला हसत होतो!”

राजीवने दोन्ही हात पुढे केले, एखाद्या ग्राहकाची समजूत घालावी तसे. “बाबा, फ्युनरल अजून दोन वीक तरी नाही. इंग्लंडमध्ये लगेच होत नाही. यू हॅवन्ट मिस्ड एनिथिंग.”

बस. त्या वाक्यावर मोहनराव उठले. काठी घेतली नाही, चपला घातल्या नाहीत. ओट्याच्या पायऱ्या उतरून ते थेट नदीकडे चालायला लागले. मरणाची बातमी ऐकली की अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, ही त्यांच्या घरची रीत. आणि समोर एवढी नदी असताना कुणाच्या बापाला विचारायचं?

“आजोबा! क्रोकोडाइल्स!” जय किंचाळला.

उतारावर म्वान्झाने त्यांना गाठलं आणि दंडाला धरलं. मोहनरावांनी त्याला अस्सल सातारी शिवी हासडली. त्याला ती कळली नाही, पण त्याने हात सोडलाही नाही.

“माय ब्रदर डेड,” मोहनराव ओरडले. “आय बाथ. नाऊ.”

म्वान्झाने एकदा वर ओट्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग त्याने दुसऱ्या माणसाला हाक मारली. त्या माणसाने दोरीला बांधलेली बादली कड्यावरून नदीत सोडली आणि भरून वर ओढली. मोहनराव तिथेच मातीत बसले आणि म्वान्झाने नव्या सदऱ्यावरून, डोक्यावरून ते गार गढूळ पाणी ओतलं. एक बादली, मग दुसरी. राजीव टॉवेल घेऊन धावत आला.

“दूर हो,” मोहनराव म्हणाले.

आता यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी झाली की स्वयंपाकघराला कुणी काही कळवलंच नाही. दुपारी जेवणाच्या छपराखाली ते मुकाट्याने येऊन बसले होते, औषधाच्या गोळ्या पोटात काही घालूनच घ्यायच्या म्हणून. तेवढ्यात ढोल वाजला. आचारी, वाढपी, बंदूकवाला, कपडे धुणाऱ्या बायका, सगळे नाचत, गात, टाळ्या पिटत आले आणि पुढच्या बाईच्या हातात मोठा केक. त्यावर हत्ती काढलेला. राजीव अर्धा उठला, हात हलवून नको नको म्हणायला लागला, पण त्यांना वाटलं हा लाजतोय. ते आणखी जोरात गायला लागले.

मोहनरावांनी त्यांना थांबवलं नाही. त्या लोकांचा काय दोष? गाणं संपेपर्यंत ते ताठ बसून राहिले, हात जोडून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. मग सुरी उचलली आणि मुलापुढे ठेवली.

“काप.”

“बाबा, प्लीज.”

“हा वाढदिवस तू आणलायस. मी नाही. काप आणि खा. इतकं सगळं बुक केलंस ना?”

राजीवने मान खाली घातली. सुरी तशीच टेबलावर राहिली.

लहान विमान रविवारीच येणार होतं. आधी निघायची काही सोय नव्हती. ते दोन दिवस मोहनराव तंबूबाहेर फारसे पडले नाहीत. जय त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा. त्याला त्यांनी हाकललं नाही. राजीव पायरीपाशी यायचा आणि उभ्या उभ्या परत जायचा.

हिथ्रोला उतरल्यावर राजीव म्हणाला, “आधी मेडनहेडला जाऊ, बाबा. रेस्ट घ्या.”

“बर्मिंगहॅम.”

अनुयाने दार उघडलं. पन्नाशी उलटलेली, शाळेत शिकवणारी, काकांच्या खांद्यावर बसून मोठी झालेली पोरगी. ती बाजूला झाली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली.

“या, काका. हत्ती बघून झाले?”

“अनुया—”

“नाही, बरं झालं आलात. बाबा विचारत होते ना. पहिल्या दिवसापासून एकच. ‘मोहन निघाला का?’ मी काय सांगणार? मी म्हटलं, निघालेत, एम सिक्स हायवेवर ट्रॅफिक आहे. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. शेवटी शेवटी त्यांना दिवसांचं भान राहिलं नाही, म्हणून खपलं. जाताना काय म्हणाले माहीत आहे? ‘अजून अडकलाय का गं तो?’” तिचा आवाज फाटला. “आणि तुम्ही निरोप काय पाठवलात? ‘दादाला सांग, ट्रिप झाली की येतो.’”

“मी?”

“राजीव म्हणाला ना फोनवर. ‘बाबांना विचारलं, ते म्हणाले परत आल्यावर येतो.’”

फूटपाथवर राजीव बॅगा घेऊन उभा होता. मोहनराव वळले. एवढा वेळ त्यांना वाटत होतं की मुलाने लपवलं. लपवणं त्यांना ठाऊक होतं. आपल्या लोकांत म्हाताऱ्यांपासून लपवतातच, कीव करून लपवतात, अनुयानेही मरणाऱ्या बापापासून लपवलंच की. पण याने त्यांच्या तोंडात शब्द घातले होते. भाऊ मरतोय हे कळूनही हत्ती बघत बसणारा मोहन याने तयार केला होता आणि तो बर्मिंगहॅमला पाठवून दिला होता.

“सांग तिला,” मोहनराव म्हणाले.

“बाबा, आत जाऊन बोलू. नेबर्स—”

“इथेच. सांग.”

राजीवने सांगितलं. बॅगांच्या मुठी हातात तशाच धरून, खाली बघत. “बाबांना माहीत नव्हता. मी सांगितलाच नाही. अनुया सारखी फोन करत होती, मग मी... आय जस्ट सेड इट. माझा चूक झाला.”

 अनुयाने काकांचा हात धरून त्यांना आत घेतलं आणि दार लावून घेतलं. राजीव बाहेरच राहिला.

दोन आठवड्यांनी शवदाहगृहाच्या आवारात काळी गाडी येऊन थांबली. शवपेटीला सहा जणांनी खांदा द्यायचा होता. अनुयाचे दोन मुलगे, जय, राजीव आणि गाडीबरोबर आलेली दोन माणसं. राजीव काळ्या सुटात पुढे झाला. तेव्हा मोहनराव मध्ये आले.

“याचा खांदा नको.”

“बाबा, लोक बघतायत,” सुनीती हलक्या आवाजात म्हणाली. “चुकले ते. किती वेळा माफी मागितली त्यांनी.”

“मागू दे. माफीचं मी बघेन, वेळ आली की. खांदा नको.”

“काका, जाऊ दे,” अनुयाही म्हणाली. “बाबांना नसतं आवडलं असलं काही.”

“तुझ्या बाबाला काय आवडलं असतं, ते विचारायला मला पाच दिवस होते. ते कुणी नेले?”

काळ्या टोपीतला गाडीवाला जवळ आला. अदबीने म्हणाला, “सर, सगळ्यांची उंची सारखी लागते, तुम्ही मागून चालावं हे बरं.” मोहनरावांनी ऐकून घेतलं आणि राजीवची जागा घेतली. जयच्या मागे. पेटी वर उचलली गेली, त्यांच्या बाजूला किंचित कलली; जयने गुडघे वाकवून खांदा खाली घेतला, मग ती सरळ झाली. ऐंशी वर्षांच्या हाडांवर लाकडाची कड रुतत होती. एकदा त्यांचा पाय लटपटला. मागून राजीव पटकन दोन पावलं पुढे आला, हात पुढे केला.

“हात लावू नकोस,” मोहनराव मागे न बघता म्हणाले.

तसेच ते दारापर्यंत गेले आणि आत गेले. सगळे बसले तेव्हा ते पहिल्या रांगेत बसले नाहीत. पेटीशेजारी, डोक्याच्या बाजूला, त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि पेटीपुढचा पडदा सरकून ती दिसेनाशी होईपर्यंत तिथून हलले नाहीत. राजीव शेवटच्या रांगेत होता. बापलेकांत त्या दिवशी एक शब्दही झाला नाही, नंतरही बरेच दिवस झाला नाही.

मुरलीधर रामचंद्र खटावकर गुरुवारी, सत्तावीस जून दोन हजार चोवीस रोजी दुपारी, बर्मिंगहॅमच्या इस्पितळात वारले.